नऊ जणांची नौका



वसंत व्याख्यानमालेत वल्ह्यांचे काय काम, अशी शंका आजच्या विषयाची पाटी वाचून काहींना आली असेल. काल याच व्यासपीठावर वेदान्त होता, उद्या अर्थकारण आहे. मध्येच हा मनुष्य कॉलेजातल्या पोरांची नौका घेऊन कोठून आला? शंका रास्त आहे. तेव्हा आरंभीच कबूल करतो की माझा खरा विषय नौका नव्हे. एकत्र काम करणाऱ्या तरुण माणसांत एकमेकांविषयी भरवसा कसा उत्पन्न होतो, आणि संघ व कंपू यांत फरक कोणता, हा माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला जेथे सर्वांत स्वच्छ दिसले ती गोष्ट अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरी १९३३ ते १९३६ या तीन वर्षांत घडली.

हा प्रश्न मला का पडला तेही सांगून टाकतो. कॉलेजात असताना मी खो-खोच्या संघात होतो. खो-खोत मैदानावर आम्ही नऊ जण. आठ बसलेले आणि एक धावणारा. त्या नवांपैकी पाच वसतिगृहातले होते आणि चार गावातले. वसतिगृहाचा मुलगा धावू लागला की त्याचा 'खो' वसतिगृहाच्याच पाठीवर पडे, आणि गावाचा गावाच्याच! मध्ये गडी अगदी हाताशी असला तरी पुढच्या आपल्या माणसाला खो द्यायचा. प्रतिपक्षाचा कप्तान शहाणा होता. पहिल्याच डावात त्याने हे हेरले आणि आपल्या गड्यांना नेमके कोणाजवळून पळायचे ते सांगून टाकले. आम्ही सपाटून हरलो. सामना संपल्यावर आमच्या शिक्षकांनी एकीचे बळ या विषयावर अर्धा तास उत्तम भाषण केले. दुसऱ्या दिवशीच्या सरावात वसतिगृहाचा खो वसतिगृहालाच मिळत होता.

आता वल्हवण्याच्या शर्यतीचे स्वरूप पाहू. आपल्याकडे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजाने १९२८ साली आपला बोट क्लब काढला, त्यामुळे संगमाच्या बाजूला राहणाऱ्यांना हे दृश्य अगदीच अपरिचित नाही. आठ वल्ह्यांची शर्यतीची नौका सुमारे साठ फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते. आठ जण एकामागे एक बसतात आणि प्रत्येकाच्या हाती एकच वल्हे. एकाचे डावीकडे, तर दुसऱ्याचे उजवीकडे. सर्वांत मौजेची गोष्ट अशी की आठही जणांची पाठ ज्या दिशेला जायचे त्या दिशेला असते! कोठे चाललो आहोत हे त्यांना दिसत नाही. ते दिसते फक्त नवव्याला, म्हणजे सुकाणू धरणाऱ्या कॉक्सला. तो लहान चणीचा असतो, वल्हे मारीत नाही, नुसता ओरडतो. त्याच्या पुढ्यात त्याच्याकडे तोंड करून बसलेला जो वल्हेकरी, त्याला 'स्ट्रोक' म्हणतात. तो जी लय धरील ती मागच्या सातांनी धरायची.

या खेळात 'मी इतक्या धावा केल्या' असे कोणी म्हणू शकत नाही. सर्वांत बळकट गड्याचे वल्हे क्षणभर मागे राहिले तर त्याचे बळ उपकारक न ठरता अपायकारक ठरते. नौका एका अंगाला कलते, वेग तुटतो, आणि बाकीच्या सातांचे श्रम पाण्यात जातात. येथे तर अक्षरशः जातात. उलट आठांचे आठ वल्हे एकाच क्षणी पाण्यात शिरून एकाच क्षणी बाहेर आले की नौका हलकी होते, पाण्यावरून सरकते. इंग्रजी वल्हेकरी या अवस्थेला 'स्विंग' म्हणतात. पुष्कळ संघांना ती जन्मात लाभत नाही. पालखीच्या भोयांना किंवा दिंडीत पावली घालणाऱ्यांना ती काय असते हे सांगावे लागणार नाही.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात या खेळाचा पाया ज्याने घातला त्याला आरंभी वल्हवण्यातले ओ की ठो कळत नव्हते. हायरम कॉनिबेअर हा मूळचा खेळाडूंच्या अंगमेहनतीची आणि दुखापतींची काळजी घेणारा मनुष्य. १९०७ साली त्याच्या गळ्यात ही जबाबदारी पडली. शरीर कोणत्या कोनात वाकले म्हणजे जोर लागतो हे समजून घेण्यासाठी त्याने प्रयोगशाळेतला हाडांचा सापळा आणून नौकेच्या आसनावर बांधला, अशी त्याची गोष्ट सांगतात. त्याचे दुसरे मोठे कृत्य म्हणजे कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदरातून जॉर्ज पोकॉक आणि त्याचा भाऊ यांना त्याने सिअ‍ॅटलला आणले. पोकॉकचा बाप इंग्लंडातल्या ईटन शाळेचा नौका बांधणारा कारागीर. बारा नौकांचे काम देतो, असे सांगून कॉनिबेअरने या भावांना बोलावले, आणि पैसे जमले एकाच नौकेपुरते! तरी जॉर्ज पोकॉक टिकून राहिला. पुढे त्याने त्या भागात मुबलक असलेल्या तांबड्या सीडरच्या लाकडाच्या पातळ फळ्यांनी नौका बांधण्यास आरंभ केला, आणि अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे त्याच्याकडूनच नौका घेऊ लागली. मनुष्य अबोल, शिक्षण कारागिराचे. पण या सगळ्या कथेत शहाणपणाच्या दोन गोष्टी ज्याने केल्या तो हाच.

१९३३ सालच्या पानगळीच्या दिवसांत नव्या वर्षाच्या संघासाठी दीडशेहून अधिक मुले नौकागृहावर जमली. हे नौकागृह म्हणजे पहिल्या महायुद्धात आरमाराच्या विमानांसाठी उभारलेली जुनी लाकडी शाळा. अमेरिकेत महामंदीचा कहर चालू होता. आलेल्यांत पुष्कळ मुले शेतकऱ्यांची, लाकूडतोड्यांची, कोळ्यांची. पूर्वेकडच्या हार्वर्ड, येल या विद्यापीठांत वल्हवणे हा सधन घराण्यांचा षोक होता. येथे मुलगा संघात आला की विद्यापीठात एखादे अर्धवेळ काम मिळण्याची आशा असे. त्या कामावर त्याची फी चाले. संघातून नाव गेले तर शिक्षण गेले, असा रोखठोक व्यवहार होता.

त्यांत जो रँट्झ नावाचा एक मुलगा होता. लहानपणी आई वारली. बापाने दुसरे लग्न केले. १९२९ साली, जो पंधरा वर्षांचा असताना, बाप, सावत्र आई आणि धाकटी भावंडे मोटारीत बसून निघून गेली आणि जो अर्धवट बांधलेल्या घरात एकटा राहिला. मासे धरून, झाडे तोडून, मिळेल ती मजुरी करून त्याने शाळा पुरी केली. विद्यापीठात तो रोज एकच जुना स्वेटर घालून येई आणि पोरे त्याला हसत.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. खेळाच्या संघाला उद्देशून जी भाषणे होतात त्यांत 'आपण एक कुटुंब आहोत' हे वाक्य हटकून असते. जो रँट्झला हे वाक्य ऐकवून काय उपयोग झाला असता? कुटुंब काय करते हे त्याला चांगले ठाऊक होते. कोणावर विसंबायचे नाही, हाच धडा त्याने जगून शिकलेला होता आणि त्याच बळावर तो तगला होता. असा मुलगा संघात येतो तेव्हा तो दुर्गुणी नसतो. त्याचा सद्गुणच आड येतो.

संघाचा मुख्य शिक्षक अल उल्ब्रिक्सन तिशीच्या आरंभीचा होता. तो स्वतः याच विद्यापीठाचा नामांकित वल्हेकरी. स्वभावाने इतका मितभाषी की मुलांना त्याच्या मनाचा थांग लागत नसे. १९३४ मध्ये नव्या मुलांच्या नौकेने पूर्वेकडे पोकीप्सीची राष्ट्रीय शर्यत जिंकली, तेव्हा उल्ब्रिक्सनला दोन वर्षांनी येणाऱ्या बर्लिन ऑलिंपिकचे स्वप्न पडू लागले. १९३५ साली त्याने एक धाडस केले. दुसऱ्या वर्षाची ही सगळी नौका जशीच्या तशी उचलून त्याने विद्यापीठाचा पहिला संघ म्हणून पुढे केली. वरच्या वर्गांतल्या अनुभवी मुलांना हे लागले, आणि ते स्वाभाविक होते. धाकटे फुशारले. सरावात सांकेतिक अक्षरे पुटपुटत ते वल्ही मारू लागले. त्यांचा उघड अर्थ 'अधिक चांगले होऊ' असा, पण मनातला अर्थ 'बर्लिनला जाऊ' असा. थोरले संतापून वल्ही मारू लागले. रोजचा सराव म्हणजे लढाई झाली.

वरवर पाहता, धाकट्यांच्या नौकेत एकी होती. परंतु ती एकी कशावर उभी होती? शेजारच्या नौकेवरच्या रागावर. एप्रिलमध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाला हरविले. मग त्यांची गाडी घसरली. एक दिवस उत्तम, दुसऱ्या दिवशी भिकार. जूनमध्ये पोकीप्सीला उल्ब्रिक्सनने ऐनवेळी निर्णय फिरविला. थोरल्यांना पहिला संघ केले आणि धाकट्यांना दुसऱ्या शर्यतीत टाकले. धाकट्यांनी आपली शर्यत जिंकली, आणि थोरले मुख्य शर्यतीत तिसरे आले. कॅलिफोर्निया पहिला. म्हणजे वर्षभर दोन कंपू पोसून पदरी आली ती मानखंडना. उल्ब्रिक्सनविषयी मला आदर आहे, पण त्या वर्षीची चूक त्याचीच होती असे माझे मत आहे. चुरस लावली की उत्साह वाढतो हे खरे. पण एकाच घरात कायमचे दोन पक्ष पाडले की हरलेल्या पक्षाचे बळ जिंकलेल्याच्या उपयोगी पडत नाही.

त्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र कोणाच्याही योजनेवाचून घडली. कोलंबिया नदीवर ग्रँड कूली नावाचे प्रचंड धरण बांधले जात होते. जो रँट्झ तेथे मजुरीला गेला. दोराने कड्यावर लोंबकळत यंत्राच्या पहारीने खडक फोडायचा, आणि ताशी मजुरी पाऊण डॉलर. तेथेच त्याच विद्यापीठाचे चक डे आणि जॉनी व्हाइट हे दोन वल्हेकरी त्याला भेटले. नौकागृहात या मुलांची नुसती तोंडओळख होती. येथे एकाच धुळीत खोकणे, एकाच वस्तीत जेवणे, सुटीच्या दिवशी गावात भटकणे. शर्यत नव्हती, शिक्षक नव्हता, पाहणारे नव्हते. त्या दोघांना जोच्या फाटक्या स्वेटरचे हसू येण्याचे कारणच उरले नाही, कारण तिघांचेही कपडे सारखेच फाटत होते.

१९३६ च्या आरंभी उल्ब्रिक्सनने पद्धतच बदलली. कोणतीही नौका अखंड ठेवायची नाही. आज हा येथे, उद्या तेथे. थोरला धाकट्याच्या मागे, धाकटा थोरल्याच्या पुढे. कित्येक आठवडे ही सरमिसळ चालली. मुले वैतागली. हेतू योग्य जुळणी शोधण्याचा होता. परंतु त्यातून आणखी एक फळ निघाले असावे असे मला वाटते. जो तो ज्याच्या त्याच्या बरोबर कधी ना कधी वल्हवून गेला. आता दुसऱ्याला नावे ठेवायची तर त्याच्या वल्ह्याचा गुण ठाऊक असून ठेवावी लागत होती.

जो या फेरफारात वरखाली होत होता. तेव्हा पोकॉकने त्याला नौकागृहातल्या आपल्या माडीवरच्या कामशाळेत बोलाविले. प्रथम तो लाकडाविषयीच बोलला. सीडरच्या फळीतली वर्षावर्षांची वलये दाखविली, फळी कशी वाकते, कशी टिकते ते सांगितले. मग म्हणाला की तू कधी कधी नौकेत आपण एकटेच आहोत असा वल्हवतोस. तुझ्या बरोबरची माणसे तुला आवडतात की नाही, त्यांना तू आवडतोस की नाही, याचा कधी विचार केला आहेस काय? आपल्याकडच्या एखाद्या उपदेशकाने येथे निःस्वार्थावर प्रवचन दिले असते. पोकॉकने फक्त माणसांकडे बघ म्हटले. मार्च महिन्यात जोला पहिल्या नौकेत सातवी जागा मिळाली. तीन निरनिराळ्या नौकांतली मुले आता एकत्र आली: मॉरिस, डे, अ‍ॅडम, व्हाइट, मॅकमिलिन, हंट, रँट्झ, स्ट्रोकच्या जागी डॉन ह्यूम, आणि सुकाणूवर बॉबी मॉक. मॉक हा गेल्या वर्षीच्या थोरल्यांचा कॉक्स. धाकट्यांचा तो पुरा वैरी होता! आता तेच त्याच्या आवाजावर डोळे मिटून विश्वास टाकू लागले. मांडणी जमल्याबरोबर नौका पळू लागली, ती त्या साली कोणत्याच शर्यतीत हरली नाही.

विश्वासाची पहिली मोठी कसोटी पोकीप्सीला लागली. हडसन नदीवर चार मैलांची शर्यत. मॉकने मिनिटाला अठ्ठावीस फटकाऱ्यांची संथ गती धरली आणि दुसरे पुढे निघून गेले. चार नौकांच्या लांबीइतके अंतर पडले तरी तो गती वाढवीना. आगगाडीतून पाहणाऱ्या उल्ब्रिक्सनचा धीर सुटत चालला. विचार करा, पाठ फिरवून बसलेल्या आठ मुलांना आपण मागे पडलो आहोत हे दिसत होते काय? त्यांच्या नजरेसमोर कोणाचीच नौका नाही, एवढेच त्यांना दिसत होते; कारण सगळ्या त्यांच्या पाठीमागे, म्हणजे पुढे होत्या! तरी एकानेही घाई केली नाही. शेवटच्या मैलात मॉकने गती वाढविली आणि सर्वांना मागे टाकले.

जुलैच्या आरंभी प्रिन्स्टनची निवड शर्यतही त्यांनी जिंकली. तेव्हा ऑलिंपिक समितीकडून समजले की प्रवासखर्चासाठी पाच हजार डॉलर स्वतःच उभे करावे लागतील, नाही तर फिलाडेल्फियाचा श्रीमंत संघ जाण्यास तयार आहे. सिअ‍ॅटलच्या वर्तमानपत्रांनी हाक दिली आणि दोनतीन दिवसांत गावाने पैसे जमविले. त्यांत रस्त्यावर बिल्ले विकून मिळालेली नाणीही होती.

निघण्यापूर्वी बॉबी मॉकने वडिलांना लिहिले की युरोपात आपले नातेवाईक असतील तर त्यांचे पत्ते कळवा. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या त्या बापाने पत्ते पाठविले, आणि त्याबरोबर आजवर मुलापासून लपविलेली एक गोष्टही लिहिली: आपण ज्यू आहोत. ज्या शहरात ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क उरले नव्हते आणि परदेशी पाहुण्यांसाठी रस्त्यावरच्या ज्यूद्वेष्ट्या पाट्या तेवढ्या काढून ठेवल्या होत्या, त्या बर्लिनला हा मुलगा निघाला होता.

बर्लिनच्या त्या ऑलिंपिकशी आपलाही संबंध आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक त्या निमित्ताने तेथे गेले होते आणि त्याने आपले देशी खेळ जगाला दाखविले. ध्यानचंदचा हॉकी संघ तेथेच होता. १४ ऑगस्टला पाऊस पडला म्हणून हॉकीचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशी ढकलला गेला आणि १५ ऑगस्टला भारताने जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. ज्या १४ तारखेला पावसाने हॉकी थांबविली, त्याच दिवशी ग्र्यूनाऊच्या तलावावर वल्हवण्याची अंतिम शर्यत झाली.

दोन दिवस आधीच्या प्राथमिक शर्यतीत वॉशिंग्टनच्या मुलांनी ६ मिनिटे ०.८ सेकंदांचा उच्चांक केला होता. पण स्ट्रोक ह्यूम तापाने फणफणला आणि अंथरुणाला खिळला. १४ ला सकाळी उल्ब्रिक्सनने सांगितले की ह्यूमच्या जागी राखीव गडी बसेल. शिक्षकाची ही आज्ञा अगदी शहाणपणाची होती. तेव्हा, ज्याच्यापुढे आजवर कोणी शब्द काढीत नसे अशा या माणसापुढे सगळी मुले जाऊन उभी राहिली. ह्यूमला आसनाला बांधून घेऊ, पण त्याच्यावाचून जाणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. उल्ब्रिक्सनने निर्णय फिरविला. १९३५ साली हीच मुले एकमेकांची जागा जावी म्हणून टपलेली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

सर्वांत जलद वेळ नोंदवूनही त्यांच्या वाट्याला सहावी, वाऱ्याच्या तोंडची मार्गिका आली. पहिल्या दोन निवाऱ्याच्या मार्गिका जर्मनी आणि इटलीला. दिवसातल्या आधीच्या सहा शर्यतींपैकी पाच जर्मनीने जिंकल्या होत्या, सज्जावर हिटलर बसला होता आणि हजारो कंठांतून देशनामाचा एकतालात घोष चालला होता. एकतेचे हेही एक रूप! माणसांना वगळून साधलेली ती एकता होती. मात्र अमेरिकनांच्या नौकेतही एकही कृष्णवर्णी नव्हता; गोऱ्या गरिबांपर्यंतच तिचा दरवाजा उघडला होता. हे सांगितल्याविना पुढे जाणे बरे नव्हे.

सुरुवातीचा इशारा वाऱ्यात त्यांना ऐकूच आला नाही. निम्मे अंतर गेले तेव्हा ती नौका पाचवी होती. ह्यूमचे डोळे मिटलेले, तोंड उघडे. मॉक ओरडत होता आणि त्याला ऐकू येत नव्हते. मागच्या जोकडे लय सोपवावी असे मॉकच्या मनात आले, तेवढ्यात ह्यूमने डोळे उघडले. मॉकने गती वाढविली. गर्जनेत आवाज पोहोचेना तेव्हा त्याने दोऱ्यांना लावलेले लाकडी ठोकळे नौकेच्या अंगावर आपटण्यास सुरुवात केली, आणि मुले ते हादरे अंगाने ऐकून वल्ही मारू लागली. शेवटी गती मिनिटाला चव्वेचाळीसवर गेली. अमेरिका ६ मिनिटे २५.४ सेकंद, इटली ६ मिनिटे २६, जर्मनी ६ मिनिटे २६.४. पहिल्या व तिसऱ्या क्रमांकांत अंतर एका सेकंदाचे. कोण जिंकले हे नौकेतल्या नवांना क्षणभर कळलेच नाही.

पुढे मुले पांगली. मॉक वकील झाला, जो रँट्झ विमानाच्या कारखान्यात अभियंता झाला. पण त्यांनी एक नेम ठेवला: दर दहा वर्षांनी जमायचे आणि नौका पाण्यात घालायची. १९४६, १९५६ असा तो पाळला गेला. १९६२ साली चक डे वारला आणि १९६६ मध्ये त्याचे आसन रिकामे राहिले. शेवटचे वल्हवणे १९८६ सालचे. तेव्हा ही मंडळी सत्तरीच्या आसपास होती. रॉजर मॉरिस सर्वांत शेवटी, २००९ मध्ये, गेला. पोकॉकने बांधलेली ती सीडरची नौका त्यांच्या विद्यापीठाच्या नौकागृहात भोजनशाळेच्या छताला उलटी टांगलेली आहे, आणि नव्या वर्षाची मुले तिच्याखाली बसून जेवतात.